चौघांची मोजणी

कॅटमरान म्हणजे काय, हे मी नातेवाइकांना इतक्यांदा समजावलंय की आता तोंडपाठ झालंय. दोन अरुंद, पोकळ होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, त्या दांड्यांनी जोडायच्या, मधे जाळी ताणायची आणि वर घराएवढं शीड चढवायचं. इंजिन नाही. वारा भरला की एक होडी पाण्याबाहेर उचलली जाते. आपण त्या उचललेल्या बाजूला बसून तिला वजनानं दाबून धरायचं. वळण घेतलं की वाऱ्याची बाजू बदलते, मग सगळ्यांनी जाळीवरून धावत पलीकडे जायचं. आमची आई म्हणते, "म्हणजे पगार घेऊन इकडून तिकडे पळता." तिचं काही चुकत नाही.

आमच्या संघात चौघं. सुकाणूवर कप्तान, नाकावर माशी बसू न देणारा. दोर ताणायची विंच फिरवायला पैलवान, त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाच माहीत असावं. मोठं शीड माझ्याकडे आणि पुढचं माझ्या धाकट्या भावाकडे, म्हणजे सगळ्यांच्या बारक्याकडे. बारक्या या मोसमापुरता घेतलेला होता. पाच दिवसांच्या या शर्यतीत आम्ही पहिल्या तिघांत आलो तर संघ त्याला कायम करणार होता. त्यासाठी त्यानं बरी चाललेली नोकरी सोडली होती. आईनं निघताना मला बाजूला घेतलं. "तो वेडा आहे, तू नाहीस. त्याला नीट घरी आण."

शर्यत बंदराच्या आतच होती. तिन्ही बाजूंना दगडी धक्के, चौथीकडे लाटा अडवणारी भिंत, मधे वळायच्या खुणेचे तरंगते पिवळे बोये. प्रेक्षकांना बसल्या जागी सगळं दिसावं म्हणून ही सोय. आम्हाला मात्र हौदात सोडलेल्या माशांसारखं वाटायचं. जरा वेग घेतला की समोर भिंत.

जाळीवरून धावताना कुणी कुणाकडे बघत नाही. तोंडावर पाण्याचा मारा, हेल्मेटला काळी काच, सगळे एकाच निळ्या पोशाखात. म्हणून पलीकडे पोचलं की आपापला आकडा ओरडायचा. कप्तान एक, पैलवान दोन, मी तीन, बारक्या चार. चार ऐकलं की कप्तान शीड भरायला सांगतो. होडी उलटली तरी हीच मोजणी. डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवायची सवय आमच्या अगदी अंगवळणी पडलेली आहे.

पहिल्या दिवशी, दुसऱ्या बोयाच्या वळणावर, एक, दोन, तीन, चार झालं. आणि मग कुणीतरी म्हणालं, "पाच."

आवाज बारीक होता, धाप लागलेला. आमच्याबरोबर धावत आल्यासारखा.

"पैलवान, पांचटपणा पुरे," मी ओरडले.

"मी? इथे श्वास घ्यायला फुरसत नाही, विनोद कुठून करू?"

किनाऱ्यावरच्या शेडमध्ये आमचे प्रशिक्षक खुशीत होते. ते मोटरबोटीतून मागे फिरतात आणि उंटावरून शेळ्या हाकतात. "आज वजन काय सुरेख टाकलंत! एवढ्या वाऱ्यात होडी जराही उचलली नाही." मी ओला पोशाख खुंटीला अडकवत होते. एवढ्या वाऱ्यात होडी उचलली जायलाच हवी होती. चौघांच्या वजनानं ती दबणं शक्य नव्हतं. पण आम्ही दुसरे आलो होतो, मग मी कशाला तोंड उघडू?

दुसऱ्या दिवशी पाच ऐकू आलं नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी गुणगुणायलाही लागले. शेवटच्या वळणावर मी पलीकडे पोचून तीन म्हटलं आणि लगेच चार आलं. पण बारक्या माझ्यासमोर जाळीवर गुडघ्यांवर होता. त्याचा पाय दोरीत अडकला होता. कप्तानानं चार ऐकून हाक दिली, शीड भरलं, होडी उसळली आणि बारक्या जाळीवरून फेकला गेला. हाताला दोरी लागली म्हणून वाचला.

शेडमध्ये कप्तानानं त्याला फैलावर घेतलं. "पोचायच्या आधी आकडा कशाला टाकतोस? मरायचंय?"

"मी तोंडच उघडलं नव्हतं."

"मग कोण बोललं, मी?"

बारक्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला बोलताना पाहिलं नव्हतं, असं मी सांगितलं. कप्तान तडक निघून गेला. त्याचा कपभर चहा तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी आम्ही उलटलो. यात नवल नाही, कॅटमरान उलटतातच. पण उलटताना मी जाळीखाली सापडले. वर जाळी, बाजूंना दोन होड्या, खाली शीड. प्रत्येकाच्या छातीशी दोन-चार मिनिटांच्या हवेची छोटी बाटली असते. मी ती तोंडात धरली आणि वाट पाहू लागले. मोजणीत तीन आलं नाही की मला शोधतील, हे मला पक्कं ठाऊक होतं.

वरून आवाज आले. एक. दोन.

मग तीन.

माझाच आवाज. शेवटचं अक्षर जरा वैतागून ओढायची माझी खोड आहे, तीसुद्धा त्यात होती.

चार. "सगळे आहेत!" कप्तान ओरडला.

कुणी खाली पाहिलं नाही. मी जाळीवर मुठी आपटल्या, पण लाटांच्या थपडांत त्या कुणाला ऐकू जाणार? पोशाखातला चाकू काढून मी जाळी कापली. वर डोकं काढलं तेव्हा बाटली संपत आली होती. पैलवान माझ्याकडे बघतच राहिला. "तू तर आत्ता माझ्या शेजारी बसली होतीस," तो हळूच म्हणाला.

त्या संध्याकाळी मी म्हणाले, बास, आपण माघार घेऊ.

"आणि आयोजकांना काय सांगू?" कप्तान म्हणाला. "होडीवर कुणीतरी जास्तीचं मोजतंय म्हणून?" त्यानं ते चेष्टेनं म्हटलं, पण कुणी हसलं नाही. तोही नाही.

मी एकटी उतरले असते तर संघ बाद झाला असता. नियमच तसा आहे, सुरू केलेल्या चौघांनीच संपवायचं. मला भीती वाटत होती, फार वाटत होती. बारक्या माझ्यामागे कपडे बदलायच्या खोलीपर्यंत आला. "ताई, दोनच दिवस. आता सोडलं तर मी कुठलाच राहणार नाही गं."

मी विरघळले. पण एक अट घातली. उलटलो तर आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. हातमोजा काढून हात माझ्या हातात द्यायचा.

"रस्ता ओलांडताना धरायचीस तसा?"

"तसाच. आवाज कुणीही काढेल. तुझा हात मी ओळखते."

चौथा दिवस सुरळीत गेला. एक, दोन, तीन, चार, बस. पैलवानानं पुन्हा थट्टामस्करी सुरू केली. आम्ही एकूण गुणांत तिसरे होतो. शेवटच्या दिवशी फक्त तेवढी जागा टिकवायची होती.

पाचव्या दिवशी दुपारी, शेवटच्या बोयापाशी, धक्क्यावरून वाऱ्याचा झोत खाली आला आणि आम्ही उलटलो.

मी बाहेरच्या बाजूला पडले. पोहत जाऊन उपड्या होडीच्या पाठीवर पोटावर पडले. कप्तान आणि पैलवान दुसऱ्या होडीवर चढताना दिसले.

"बारक्या!"

होडीच्या पलीकडून हात वर आला. हातमोजा नव्हता. मी तो पकडला. हाडकुळी बोटं, करंगळीखाली दोरीनं पडलेला घट्टा. त्याचाच हात. ऊबसुद्धा होती. मला रडूच फुटलं.

"आलास रे?"

"आलो, ताई."

पलीकडे त्याच्या हेल्मेटचा माथा तेवढा दिसत होता. बचाव पथकाची बोट वेगानं येत होती. मी दुसरा हात हलवून जिवाच्या आकांतानं ओरडले, "चौघं आहोत! सगळे ठीक!"

बोटीनं वेग कमी केला.

कितीतरी वेळ तसाच गेला. मी हात सोडला नाही. शीड सोडवायला पाणबुड्या आरामात पाण्यात उतरला. मग दोन होड्यांच्या मधून त्याचा आवाज आला.

"जाळीखाली एक जण आहे! चाकू द्या, लवकर!"

त्यांनी त्याला बोटीत ओढून घेतलं. निळा पोशाख. एका हातात हातमोजा होता. दुसरा हात उघडा होता, हातमोजा काढलेला.

"धुगधुगी आहे अजून!"

"अगं, ये इकडे!" कप्तान ओरडला. "तुझा भाऊ आहे! एकटी काय बसलीस तिथे?"

मी हात ओढला. सुटला नाही.

पुन्हा ओढला.

पलीकडून बारक्याच्याच आवाजात, समजूत घातल्यासारखं, अगदी हळू ऐकू आलं, "जाऊ नकोस, ताई. मोजणी बिघडेल."