आमची जयंती तीन मेला

आमची पहिली ओळख म्हणजे माझ्या डोक्याला आलेलं टेंगूळ. खोटं नाही सांगत.

अठ्ठ्याण्णव सालचा एप्रिल. बी.ए.चा पेपर देऊन मी कोल्हापूरहून एसटीनं घरी निघाले होते. कागल सोडलं तरी गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी खिडकीपाशी पुस्तक उघडून बसलेली, आणि ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला तसा कागदात गुंडाळलेला एक लांबलचक गठ्ठा थेट माझ्या डोक्यात बसला.

"डोळं फुटलं का काय?" मी म्हटलं.

वर बघितलं तर एक सावळा, उंच पोरगा. नखांत निळा रंग, शर्टावर निळा रंग, आणि माझ्याकडं बघायचं सोडून गठ्ठाच चाचपतोय.

"लागलं न्हाय न्हवं?" तो म्हणाला.

"कुणाला? मला का त्या गठ्ठ्याला?"

"न्हाय म्हंजे... तुमालाच." आणि त्याचे कान लाल झाले.

मला हसू आलं, पण मी ते पुस्तकात घातलं. कोल्हापूरच्या पोरीनं टेंगूळ आल्यावर लगेच हसायचं नसतं. पुढं त्यानंच भीतभीत विचारलं, करंजवाडीच्या बुद्धविहाराला जायचं तर कुठं उतरायचं? आता करंजवाडी आमचंच गाव, विहार आमच्याच दारासमोर, आणि जयंती कमिटीचे अध्यक्ष गणपती कांबळे म्हणजे माझे वडील, आण्णा. म्हटलं, चला, उतरा माझ्या मागनं. तर म्हणाला, "पुढनं चालतो की. मागं ऱ्हायलो तर परत तुमाला लागंल." गठ्ठा सांभाळत पुढं चालला आणि पहिल्याच वळणाला वाट चुकला.

विहारासमोर आण्णांनी चार माणसं बोलावून गठ्ठा सोडला. निळ्या कापडाचा दहा फुटी बोर्ड. अक्षर असं, की बघत राहावं. पांढरंशुभ्र, गोल, एकालाही थरथर नाही. सगळ्यांनी वा वा केलं. मग आण्णांनी खालची ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. लिहिलं होतं, १४ एप्रिल.

"आरं, आमची जयंती तीन मेला अस्ती."

"जयंती... चौदा एप्रिललाच न्हवं?" तो पोरगा चाचरला.

चूक कुणाची म्हणाल तर दोघांची. आण्णांनी पेंटरला चिठ्ठी दिलेली, 'जयंतीचा बोर्ड, निळं कापड, दहा बाय चार'. तारीख घातलीच नाही, कारण आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ती पाठ. ह्यानं विचारली नाही, कारण चौदा एप्रिल सगळ्या जगाला पाठ. बरं, ज्या पेंटरकडं तो शिकत होता त्यांना गावोगावच्या तारखा तोंडपाठ होत्या, पण ते आजारी पडलेले, आणि ह्याचा हा एकट्यानं केलेला पहिलाच सीझन. पोरगा शहरात वाढलेला. त्याचं नाव प्रसेनजीत.

आण्णा म्हणाले, जाऊ दे, हितंच बसून दुरुस्त कर. तारखेवर निळा हात मारायचा, तो वाळला की वर पांढऱ्यानं लिहायचं. वाळेस्तोवर दोन तास. आणि पावण्याला चहा दे म्हणून मला सांगितलं... माझी काही तक्रार नव्हती.

विहाराच्या कट्ट्यावर मी कपबशी ठेवली.

"तीन मेलाच का?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. आमचे पिराजीकाका मुंबईला गोदीत, त्यांच्या पोरांच्या शाळा सुटल्याशिवाय त्यांना येता येत नाही. ललिताआत्ती चंदगडला, तिचं काजूचं काम आटपायला एप्रिल सरतो. एक चुलता मिरजेला रेल्वेत. घरोघरी तीच तऱ्हा. चौदा तारखेला आम्ही विहारात वंदना घेतो, शिरा वाटतो, बस्स. मिरवणूक, जेवणं, सगळा थाट तीन मेला. मागं एकदा कमिटीनं चौदालाच करून बघितली होती, तर मिरवणुकीत पंधरा माणसं. माणसं नसताना कसली जयंती? शेजारच्या वस्तीची एकवीसला, पलीकडची सात मेला. म्हणजे एकमेकांकडं जाताही येतं.

तो ऐकत होता. ब्रश हातातच राहिला होता.

"तुमच्याकडं किती माणसं अस्त्यात?" मी विचारलं.

"दोन."

"दोनशे?"

"न्हाय ओ. मी आणि आई. चौदाला बिंदू चौकात जातो, हार घालतो, गर्दीत हुबं ऱ्हातो. मग घरी येऊन खीर खातो. दोघंच."

वडील तो चार वर्षांचा असताना गेले. चुलते लांब गेले ते परत फिरकले नाहीत, आईच्या माहेरचं कोणी उरलं नाही. आईनं शाळेत शिपाईकाम करून त्याला चित्रकलेच्या परीक्षांना बसवलं. हे सगळं त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं. मलाच भरून आलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मग तीन मेला या की आईला घिऊन. हितं माणसाला तोटा न्हाय."

"आणि तुमी चौदाला या की," तो म्हणाला. "आमच्यात एक माणूस वाढलं तर दीडपट हुतंय."

संध्याकाळी बोर्ड विहारावर चढला. मागून ऊन पडलं की '३ मे'च्या खाली पुसट '१४' दिसायचे. आण्णा वैतागले. मला मात्र ते आवडलं.

चौदा तारखेला मी मैत्रिणींबरोबर बिंदू चौकात गेले. ती मुंग्यांसारखी गर्दी, निळे झेंडे, ढोलताशे... आणि त्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. पांढरं लुगडं, केस पांढरे, डोळे हुबेहूब त्याचे.

"तू दीक्षा न्हवं? ह्यो कवाधरनं टाचा वर करून तुलाच हुडकतोय बघ."

मागं प्रसेनजीत उभा. कान परत लाल.

चिमणाबाईंची, म्हणजे त्याच्या आईची, खोली म्हणजे एक खिडकी, एक कॉट, आणि भिंतभर त्यानं काढलेली चित्रं. खीर दोघांपुरतीच होती. त्यांनी आपली वाटी माझ्यापुढं सारली आणि 'मी मघाच खाल्ली' म्हणून सांगितलं. प्रसेनजीतनं स्वतःची वाटी आईपुढं केली. मग मी माझी त्याच्यापुढं. असं करत करत ती खीर तिघांनी दोन वाट्यांतून संपवली. त्या दिवशी एसटीत बसल्यावर मला कळलं, की आपलं काही खरं नाही.

नंतर पेपर संपेपर्यंत मी रोज स्टँडजवळच्या त्याच्या दुकानावरून जायची. कधी कमिटीचा निरोप, कधी 'स्वागत'ची पाटी, कधी काहीच नाही.

"आज काय काम काढलंय?" तो विचारायचा.

"रंग वाळला का बघाय आलतो," मी म्हणायची.

"कंचा?"

"...कंचाबी."

तो हसून खाली बघायचा आणि अक्षराची रेघ नेमकी तेव्हाच वाकडी जायची.

आणि मग ललिताआत्तीचं पत्र आलं. चंदगडला बुद्धभूषण नावाचा मुलगा, प्राथमिक शिक्षक, घर चांगलं. तीन मेला सगळी माणसं जमतायत, तर तेव्हाच शब्द पक्का करू. आण्णा खूश. आमच्याकडं लग्नं तशीच ठरतात, जयंतीला, सगळ्यांच्या साक्षीनं. घरात मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध, पण त्या रात्री मी पत्राची घडी घातली आणि भांडी घासायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि सगळं सांगून टाकलं. तो टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होता. स्वच्छ झालेला ब्रश परत धुवायला लागला.

"मास्तर हाय म्हंजे... चांगलंच हाय," तो म्हणाला.

"तुमी काय म्हणताय ते सांगा. मास्तरांचं मी बघतो."

त्यानं ब्रश खाली ठेवला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. इतकं सरळ त्यानं आधी कधीच बघितलं नव्हतं.

"मला तू पायजेस. त्या दिवशी गठ्ठा डोक्यात घातला तवापास्नं. पर दीक्षा, मागणी घालायला चार माणसं लागत्यात. चुलता, मामा, कोणतरी म्होरं बसून बोलाय पायजे. माझ्याकडं कोण हाय? तुझ्या एवढ्या गोतावळ्यात मी एकटाच जाऊन काय बोलू?"

"मग बसा ब्रश धूत," मी म्हटलं आणि रडत स्टँड गाठला.

तीन मे. घर माणसांनी फुललेलं. अंगणात चुली, काकांची पोरं झाडावर, आत्ती आल्या आल्या माझ्या केसांत गजरा माळून म्हणाली, पोरगी आमच्या चंदगडच्या पावसात गोरी हुईल बघा. दुपारची जेवणं झाली आणि सोप्यात सतरंजी पडली. आण्णा, काका, आत्ती बसले. मला पाण्याचा तांब्या घेऊन बोलावलं. आणि दारात कुणीतरी म्हणालं, "जय भीम."

चिमणाबाई होत्या. तेच पांढरं लुगडं, कडक इस्त्रीचं. मागं प्रसेनजीत, नखं घासूनपुसून लाल केलेली.

आण्णांनी जेवायला चला म्हटलं. चिमणाबाई म्हणाल्या, जेवू, पण आधी बोलू. त्या सतरंजीच्या पलीकडच्या कडेला बसल्या, मुलगा शेजारी. त्यांनी पदर सावरला आणि सरळ सांगितलं, "तुमची दीक्षा मला सून म्हणून पायजे."

आत्तीच्या कपाळाला आठी चढली. आण्णांनी घसा साफ केला. त्यांनी वाईट मनानं नाही, रीत म्हणून विचारलं, "तुमच्याकडनं बोलाय कोण आलंय?"

"मीच आलोय," चिमणाबाई म्हणाल्या. "चौघांचं एकटीनं बोलतो. आजवर तसंच केलंय."

प्रसेनजीत खाली बघत होता. आण्णांनी माझ्याकडं वळून, तुला हे ठाऊक होतं का म्हणून विचारलं. मनाशी म्हटलं, आता नाही बोललीस तर जन्मभर गप्पच बस.

"व्हय. आण्णा, मास्तरांत काय खोट न्हाय. पर मला हेच पायजेत."

मग पिराजीकाका उठले. वाटलं, बाहेर चालले रागानं. ते सतरंजी ओलांडून पलीकडं गेले आणि प्रसेनजीतच्या शेजारी मांडी घालून बसले. आण्णांकडं बघून म्हणाले, "बोला पावणं. आमी पोराकडचं."

"पिराजी, तू मुलीचा चुलता हाईस."

"हुतो. आता हिकडं आलोय. ज्या पोराच्या चुकीनं आमची जयंती चौदाला निघाली हुती, त्यो घरात आल्याला बरा. नजरंसमोर तरी ऱ्हाईल."

माणसं हसली. आण्णाही हसले, पण हसता हसता त्यांची नजर आत्तीकडं गेली. तिकडं तीन माणसं झाली होती. रीतीला चौथं हवं होतं, आणि आत्ती गुडघ्याला मिठी मारून बसलेली. चंदगडहून पाच तास एसटीत बसून ती माझंच स्थळ घेऊन आली होती. मी तिच्याकडं बघितलं.

आत्तीनं चिमणाबाईंकडं बघितलं. त्यांच्या इस्त्रीच्या लुगड्याकडं, मांडीवर घट्ट धरलेल्या हातांकडं. मग कमरेवर हात ठेवून उठली.

"मास्तराला अजून शब्द दिल्याला न्हाय," ती पुटपुटली. "आणि तीन माणसांत मागणी घातली म्हणून उद्या पोरीला कोण नाव ठिवाय नको." आणि जाऊन चिमणाबाईंच्या मांडीला मांडी लावून बसली. त्यांचा हात आपल्या हातात घेऊन आण्णांवर डाफरली, "आता बगत काय बसलाईस? आमाला पोरगी देतोस का न्हाय?"

चिमणाबाई एकटीनं चौघांचं बोलत आलेल्या बाई. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या. आण्णांनी हो म्हटलं ते मला ऐकूच आलं नाही, आत्तीनं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला तेव्हा कळलं.

संध्याकाळी मिरवणूक निघायच्या आधी आण्णांनी प्रसेनजीतच्या हातात चिठ्ठी दिली, लग्नाच्या बोर्डाची. त्यानं वाचली, उलटी करून बघितली, आणि माझ्याकडं बघून हसू दाबलं. मी वाकून बघितलं. 'लग्नाचा बोर्ड, दहा बाय चार.'

"मामा," तो म्हणाला, "तारीख?"

आण्णा विचारात पडले. उत्तर चिमणाबाईंनी दिलं, चुलीपाशी आत्तीबरोबर खीर ढवळता ढवळता.

"आपली समदी माणसं येतील त्या दिवशी."