नाचणीची वही मंगळावर जाते

“सांग केतकी, बारा पानांची वही जड की कपाटातली दोन हजार पुस्तकं?” बोरूने विचारलं.

बोरू म्हणजे आजोबांचा यंत्रमानव. आजोबा ग्रंथालयातून निवृत्त झाले, तेव्हा जुना म्हणून तोही त्यांच्याबरोबर दापोलीच्या घरी आला होता.

“कोडी नंतर घाल. फाइल गेली का?”

“नाही ना! त्या दोन हजार पुस्तकांचा नुसता मजकूर साठवला, तर जेवढी जागा लागेल, तेवढी तुझी बारा पानं खातायत. दोन हजार दोनशे ऐंशी मेगाबाइट (फाइल किती मोठी, ते मोजायचं माप). मंगळावरच्या घरगुती टपालाला पाचच चालतात.”

केतकीचा चेहरा उतरला. चार वाजत आले होते. सहा वाजता मंगळ सूर्याच्या आड जाणार आणि मग दोन आठवडे निरोप बंद. तिकडे मंगळावर आईच्या काचघरातली नाचणी अख्खीच पिवळी पडली होती, सुरुवात कुठल्या पानापासून झाली ते कळत नव्हतं. आई लहान असताना तिने गॅलरीत तेलाच्या डब्यांत नाचणी लावली होती, तीही अशीच पिवळी पडली होती. आधी कुठलं पान पिवळं पडलं, नवं की जुनं, ते तिने वहीत रंगवून ठेवलं होतं. ते कळलं, की रोपांना काय कमी पडतंय ते कळणार होतं.

आजोबा दारात घुटमळत होते. “माझंच चुकलं बहुतेक. मीच तुला ती खूण ठेवायला सांगितली.”

सकाळी केतकीने वही स्कॅन केली (म्हणजे पानांचे ठिपक्याठिपक्यांचे फोटो काढले), चित्रं दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरकुत्या पुसल्या आणि पीडीएफ (सगळी पानं एकत्र बांधणारी फाइल) केली. तेव्हा पडद्यावर प्रश्न आला होता, ‘पुढे दुरुस्ती करता यावी?’ ग्रंथालयात मूळ प्रत कधी टाकत नाहीत, म्हणून आजोबा म्हणाले होते, “हो म्हण, चौकटीत खूण कर.”

“त्यामुळे प्रत्येक पान दोनदा गेलं,” ते आता हळूच म्हणाले. “मूळ पानाचा एक थर, दुरुस्त केलेल्याचा दुसरा. ती खूण काढली, की दोन्ही मिळून एकच चित्र होईल. असं मला वाटतं. बोरू, बरोबर ना?”

“बरोबर. फाइल निम्मी झाली. पण अजून अकराशे चाळीस आहे.”

“पुस्तक एवढंसं आणि वही एवढी, असं कसं?” केतकीने विचारलं.

“पुस्तकात ‘क’ म्हणजे नुसतं ‘क’ साठवतात. फोटोला अक्षर कळत नाही. त्याला ठिपके कळतात. तू एका इंचात सहाशे ठिपके घेतलेस. वाचायला दोनशे पुरतील.”

“म्हणजे फाइल तिसरा हिस्सा झाली?”

“पान आडवंही असतं आणि उभंही.”

केतकीने बोटांवर मोजलं. “तीन त्रिक नऊ. नववा हिस्सा!”

“शाब्बास! शिवाय प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लागतात. पेन्सिलीच्या पानाला फिकट की गडद एवढा एकच आकडा पुरे. आणि शेवटी आकुंचन (जागा वाचवणारं लेखन). शेजारचे ठिपके बहुतेक सारखेच असतात, तेव्हा डोळ्याला न कळणारे बारीक फरक सोडून द्यायचे. फार सोडले, तर अक्षरं धुरकट होतात. बेतानं.”

बोरूने पटापट सगळं केलं. “चार मेगाबाइट आणि थोडं वर. पाठवू?”

“थांब!” केतकी ओरडली. “सातवं पान बघ!”

सातव्या पानावर नाचणीचं रोप होतं. रोपाची सगळी पानं राखाडी. कुठलं पिवळं, कुठलं हिरवं, काहीच कळत नव्हतं.

“अरेरे,” आजोबा खाली बसले. “मला सुचायला हवं होतं.”

“आजोबा, एवढं एकच पान रंगीत ठेवू या ना!”

बोरूने हिशेब केला. “चार पूर्णांक नऊ. बसतंय.”

“कोपऱ्यात माझ्या चहाचा डाग आहे,” आजोबा ओशाळून म्हणाले. “तेवढा पुसतेस?”

“राहू दे हो, आता वेळ कुठे आहे?”

पाचला दहा मिनिटं असताना फाइल निघाली. मंगळावर निरोप पोचायला एकवीस मिनिटं लागतात आणि उत्तर यायला आणखी एकवीस. आजोबांनी तेवढ्यात चार वेळा चष्मा पुसला.

“मोठी फाइल पुसून टाकू?” बोरूने विचारलं.

“मुळीच नाही,” केतकी म्हणाली. “ती घरात जपायची. हलकी फक्त पाठवायची. हो ना, आजोबा?”

“हो,” आजोबा म्हणाले. आज पहिल्यांदाच ते ‘बहुतेक’ म्हणाले नाहीत.

पावणेसहाला पडद्यावर ओळी उमटल्या.

“केतकी, वही मिळाली. नवी पानं आधी पिवळी, शिरा हिरव्या. म्हणजे लोह कमी पडतंय. आजच देते. दोन आठवड्यांनी तुला हिरवं पान दाखवीन. आणि माझ्या बाबांना सांग, त्यांचा चहाचा डागसुद्धा मंगळावर पोचला. ते पान मी काचघरात लावलंय.”

आजोबांनी पुन्हा चष्मा काढला. या वेळी मात्र तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला.