सेजलची ओली फिल्म

कारापूरच्या चंद्रावतीने सातेरी देवीला नवस बोलला होता, "माझी सेजल कशी गेली ते कळेपर्यंत माथ्यात फूल माळणार नाही." विहिरीत पाय घसरला, एवढेच सर्वण गावाहून सासरच्यांनी कळवले होते. आठ महिन्यांनी लेकीची ट्रंक आली. साड्यांखाली बापाने दिलेला जुना कॅमेरा होता, आत न धुतलेला रोल.

बाप गोकुळदास एकेकाळचा फोटोवाला. त्याने रोल मोरीत धुतला. पण मायनिंगच्या ट्रकांची तांबडी धूळ ओल्या फिल्मवर बसली की कायमची रुतते. म्हणून चंद्रावतीने म्हापशाहून कमरेएवढा, वीतभर रुंद पाईप आणून भिंतीला उभा टांगला, खाली भांडे ठेवले. वर जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला, त्यावर धूळ गाळायला मलमल ताणली. फिल्मचे दोन तुकडे आत टांगले, वजनाला खाली कपड्यांचे चिमटे लावले.

"अर्ध्या तासात सुकतली," म्हणत गोकुळदास बाजारात गेला.

तास झाला. टप्… टप्… पाईपखालचे भांडे भरून वाहू लागले. पाण्याला शेवाळाचा वास होता.

भर दुपारी जावई जयराम दारात उभा. रोलची बातमी बाजारातून त्याच्या कानी गेली होती.

"मामी, रोल खंय?"

"बस रे. सुकता तो."

"तुजी सेजल सुद्दां सुकूंक ना, रोल कसलो सुकता?" तो हसला.

मग त्याने तिचा गळा धरून डोके भिंतीवर आपटले. बांगड्या फुटल्या, कानातून रक्त आले. तिला धरूनच दुसरा हात त्याने खालून पाईपमध्ये खुपसला.

पंखा किंचाळला.

"सोड… सेजल, सोड गो…" जयराम ओरडला.

पाईपला पाय लावून त्याने हात ओढला. कातडी आतच राहिली. कोपरापर्यंत हात खाऱ्या बांगड्यासारखा वाळला होता, बोटे तडकून हाडे दिसत होती. रक्ताचा थेंब नव्हता. तो उंबऱ्यातच कोसळला.

गोकुळदास परतला तेव्हा चंद्रावती भिंतीला टेकून कानाचे रक्त पुसत होती आणि फिल्म कडकडीत सुकली होती. शेवटच्या फोटोत विहिरीचा कठडा. जयरामचे दोन्ही हात सेजलच्या केसांत, सेजलचे दोन्ही हात दगडाला घट्ट.

जयरामने पोलिसांपुढे सगळे कबूल केले. विहिरीवर तिसरे माणूस नव्हते, हेही सांगितले. आणि कॅमेरा तर त्या दिवशी ट्रंकेत होता, कुलपात.

बाये, तुझी लेक सासरी अशी गप्प झाली असेल, तर रडत बसू नकोस. देवीसमोर उभी राहा आणि तूही एक नवस बोल. ती ऐकते.