तीस नोव्हेंबरचा अंगठा

हे खरं घडलंय. पटत नसेल तर इथेच थांबा, मला समजवत बसायची हौस नाही.

मागच्या वर्षीचा तीस नोव्हेंबर. दुपारचे साडेतीन. रायपूर, ब्राह्मणपारा. माझ्या आतेभावाचं, परागचं, चॉइस सेंटर. म्हणजे सरकारी दाखले काढायचं दुकान.

परागला स्वतःच्या हुशारीचा भारी माज. म्हातारं गिऱ्हाईक आलं की बोलायचासुद्धा नाही, नुसता हात हलवायचा.

त्या दिवशी समोर कुसुमबाई. नवरा नरहरी रेल्वेतून रिटायर, जूनमध्ये वारले. त्यांच्या मागची पेन्शन आता बाईंना. त्यासाठी अंगठा लावून जिवंत असल्याचा दाखला द्यायचा. शेवटचा दिवस. राहिला तर पेन्शन बंद, अन् घरात दुसरी कमाई नाही.

अंगठ्याची मशीन चालेना.

परागने कोण्या ग्रुपवर आलेलं प्लगइन उचललं अन् टाकलं. न वाचता 'हो, हो, हो' दाबत गेला. म्हणे एक्सपर्ट!

ब्राउझर बसला. उघडायचा... पांढरं पान... बंद.

"काय झालं बाबू?"

"मावशी, तुमाले सांगून समजणार हाय का? दो मिनिट चूप बसा ना."

त्याने प्लगइन काढलं. ब्राउझर काढून परत टाकला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

प्लगइन यादीत नव्हतं. तरी पान उघडलं की मशीनचा लाल दिवा लागायचा...

अंगठा कोणी ठेवलाच नव्हता.

वैतागून त्याने मशीनची वायर उपटली.

दिवा विझला नाही.

बाहेर स्कूटरींची सारखी पीं-पीं असते. ती ऐकू येईना. पराग उठणार, तेवढ्यात मशीनच्या काचेवर वाफ धरली... अन् वाफेत एक अंगठा उमटला. मधोमध आडवा व्रण.

"हा त्यायचा अंगठा हाय," कुसुमबाई म्हणाल्या. "वर्कशॉपमध्ये कापला होता."

"पुराना डेटा असंल मावशी!" पराग हसला. अजून ऐट सुटेना.

पडद्यावर अक्षरं आली. नरहरी. हयात. दाखला स्वीकारला. आजची तारीख, तीन बावन्न.

परागने घाईघाईने वायर जोडली. बाईंचा फॉर्म उघडला, अंगठा लावला. एकदा. तीनदा.

पान म्हणालं, पेन्शनर हयात आहेत. पत्नीचा अर्ज रद्द.

बाई रडल्या नाहीत. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणाल्या, "जिते होते तवा कधी वेळेवर घरी आले नाही. अन् आता आले ते माह्या घासावर?"

पराग अजून 'बग होता, बग' म्हणत फिरतो. पण मशीनला हात लावत नाही, घाबरट. दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतो.

बाईंची पेन्शन बंदच आहे. भावाच्या करणीची लाज वाटून मागच्या आठवड्यात मी त्यांना बँकेत घेऊन गेलो. मृत्यूचा दाखला दाखवला. क्लार्कने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"रेकॉर्डवर जिवंत आहेत. पेन्शन त्यांच्याच नावावर, त्यांचीच सही लागेल. मिस्टरांनाच घेऊन या."

मी भांडायला तोंड उघडलं. बाईंनी मला अडवलं.

"बरं," त्या शांतपणे म्हणाल्या, "सोमवारी आणते."

सोमवारपासून त्यांचे चार फोन आले. मी उचलले नाहीत...