संयोगिताच्या खुणा

मनुबाईंनी सुनेच्या हातातला मोबाइल हिसकावला, तेव्हा संयोगिताची बोटं हवेतच थबकली. गोठ्याच्या आडोशाला उभी राहून ती मोबाइलकडे बघत कुणाला तरी हातवारे करते, असं उंब्रजच्या त्या आळीत सगळ्या बायका कुजबुजत होत्या. आज सासूने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"ल्योक माझा तिकडं बर्फात उभा हाय, आन् तू हितं कुणाला खुणा करतीस?"

उत्तर संयोगिताच्या ओठांपर्यंत आलं... आणि तिने ते गिळलं. शिवतेज बर्फात नव्हताच. चौकीजवळच्या स्फोटात त्याचे दोन्ही कान कायमचे गेले होते आणि तो पुण्याला लष्करी दवाखान्यात होता. व्हिडिओ कॉलवर तिचे नुसते हलणारे ओठ बघत बसलेला त्याचा भांबावलेला चेहरा तिने एकटीने सोसला होता. थोरला भाऊ वारल्यापासून आईचं काळीज दुबळं झालंय, मी धडधाकट समोर उभा राहीन तेव्हाच तिला कळू दे, असं त्याने शपथ घालून लिहिलं होतं. आईला मात्र रोज त्याचा मेसेज येई, की बोलण्याएवढी रेंज नाही, खुशाल आहे.

दवाखान्यात एक बाई त्याला खुणांची भाषा शिकवत. त्याच बाई दुपारी मोबाइलवरून संयोगितालाही शिकवत होत्या. तो घरी येईल तेव्हा त्याच्याशी बोलणारं निदान एक माणूस घरात असावं, एवढाच तिचा ध्यास होता!

मोबाइल कपाटात कुलूपबंद झाला. औंधहून तिच्या वडिलांना बोलावणं गेलं. चार माणसांत ते खाली मान घालून बसले, तेव्हा मात्र ती पुढे झाली. ती एवढंच म्हणाली, "आबा, तुमी मान खाली घालावी असं मी कायबी केलं न्हाई." पुढे कुणी कितीही विचारलं तरी ती बोलली नाही. भांडी घासताना, चूल पेटवताना ती शिकलेल्या खुणा मनातल्या मनात घोकत राहिली, विसरू नयेत म्हणून.

आणि एके सकाळी शिवतेज दारात उतरला. मनुबाई "शिवा" म्हणून धावल्या. पाठमोरा उभा राहून सामान काढणारा तो वळलाच नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, तरी तो सामानच काढत राहिला. संयोगिता त्याच्यासमोर गेली, तिची बोटं सरसर हलली. शिवतेजने वळून आईचे दोन्ही हात धरले.

"आई, मला आता ऐकू येत न्हाई. हिला ठावं हुतं. मीच शपथ घातली हुती."

मनुबाई मटकन पायरीवर बसल्या. सुनेकडे बघून म्हणाल्या, "पोरी, एक शब्द बोलली असतीस..."

"शब्द त्यांना दिला हुता, आत्याबाई."

दारात बायका जमल्या होत्या. मनुबाईंनी डोळे पुसले, उठून सुनेचा हात धरून तिला सगळ्यांपुढे उभं केलं. "ही माझी सून," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकाशी बोलता यावं म्हणून हिनं माझी बोलणी खाल्ली. आता हिला कुणाला काय बोलायचं असंल, त्यानं आधी माझ्याशी बोलावं."

मग त्यांनी संयोगिताला हळूच विचारलं, जेवलास का, हे कसं म्हणायचं?

शेतात राबून ताठरलेली ती बोटं ओठांपाशी गेली, अडखळली, पुन्हा गेली. शिवतेज आईकडे बघतच राहिला... आणि मान हलवून म्हणाला, "न्हाई आई. वाढ."