गोरं झालेलं समुद्रफूल

आता तुम्हीच सांगा, पाणी स्वच्छ, खारटपणा बरोबर, उष्णता बरोबर, तरी समुद्रफूल (बोटांसारख्या पाकळ्यांचा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) मरतं कसं? रत्नागिरीच्या शाल्मलीला त्या सकाळी हेच कोडं पडलं होतं. काचेच्या टाकीतला मोठा दगड रिकामा होता आणि दोन विदूषक मासे त्याच्याभोवती गोल गोल फिरत होते. वेडे कुठले! समुद्रफूल हेच त्यांचं घर; ते इथंच कुठंतरी असणार, असं त्यांना वाटत होतं.

मेलेलं समुद्रफूल आबांनी नुकतंच बाहेर काढलं होतं. तसंच राहिलं असतं तर सडून सगळं पाणी नासलं असतं. आबा म्हणजे तिचे आजोबा, सागरी शास्त्रज्ञ. संशोधनाच्या बोटीवर जाताना ते म्हणाले होते, "शालू, हे तुझ्या भरवशावर हं." आणि आज परत येऊन पाहतात तर हे असं.

"खेकड्या, काय चुकलं रे?" आबांनी विचारलं.

खेकड्या म्हणजे टाकीची देखभाल करणारा यंत्रमानव. ताटलीएवढा, आठ पायांचा, काच खरवडत फिरणारा.

"खारटपणा ठीक. उष्णता ठीक. दिव्याला वीज पूर्ण," खेकड्या म्हणाला.

"दिव्याला वीज पोचली रे, पण पाण्यात उजेड पोचला का?"

"ते मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं."

शाल्मलीने दिव्याकडे पाहिलं. "आबा, मी दिव्याखाली ओढणी बांधली होती," ती म्हणाली. "तुम्हाला ते नीट दिसावं म्हणून आज सकाळी काढली."

"ओढणी? कशाला गं?"

"ते मातकट होतं ना! वर्गातली मुलं हसली, म्हणाली, हे कसलं फूल, चिखलाचा गोळा! आणि आत्या मला रोज म्हणते, उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील. मला वाटलं, त्यालाही सावलीत ठेवलं तर ते गोरं होईल."

आणि झालंही होतं तसंच! काही आठवड्यांत फूल उजळलं. सुमनआत्या तर बघतच राहिली. "अगंबाई, कसं गोरंपान झालंय! नाहीतर तू, उन्हात हुंदडून नुसता कोळसा!" शाल्मली तेव्हा केवढी खूश झाली होती. आता ते आठवून तिला स्वतःचाच राग येत होता.

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता भिंतीवरचा स्क्रीन सुरू केला आणि समुद्रफुलाचा जुना, कित्येक पटींनी मोठा केलेला फोटो उघडला.

"हे त्याचं एक बोट. आत काय दिसतं?"

"तपकिरी ठिपके. केवढे तरी!"

"ते शैवाल (सूक्ष्म पाणवनस्पती). ते समुद्रफुलाच्या अंगातच राहतं. प्रकाशसंश्लेषण (उजेडाच्या मदतीने अन्न तयार करणं) करतं आणि त्यातलं बरंचसं समुद्रफुलाला देतं. बदल्यात त्याला राहायला जागा मिळते. हे सहजीवन (एकमेकांच्या आधाराने जगणं)."

"म्हणजे घरातले स्वयंपाकीच!"

"आणि उजेड ही त्यांची चूल."

पुढचं आबांना सांगावं लागलं नाही. "मी चूल विझवली," शाल्मली हळूच म्हणाली.

"हं. चूल विझली, स्वयंपाकी गेले. त्यांच्याबरोबर तो तपकिरी रंगही गेला. याला विरंजन (रंग उडून जाणं) म्हणतात. आपण ज्याला गोरेपणा म्हणत होतो ना शालू, ती उपासमार होती."

"पण मी त्याला कोळंबीचे तुकडे भरवत होते!"

"नुसत्या तोंडी लावण्यावर पोट भरतं का?"

शाल्मलीने काचेवर बोट ठेवून रिकामा दगड दाखवला. मग म्हणाली, "आबा, ते दगडावरून सरकत होतं. जिथे ओढणी नव्हती तिकडे. मला वाटलं, द्वाडपणा करतंय. ते सरकलं की मीही ओढणी सरकवायचे."

आबांनी डोळे मिटून घेतले. "ते उजेड शोधत होतं गं."

आता मात्र शाल्मली ढसाढसा रडली. आबांनी तिला जवळ घेतलं, पण उगाच समजूत काढली नाही.

इतक्यात दगडामागून खेकड्याचा आवाज आला. "इथे काहीतरी चिकटलंय. कालपर्यंत मला दिसलं नव्हतं."

दोघं धावले. मागच्या कोपऱ्यात, जिथे खिडकीचं ऊन तिरकं यायचं, तिथे नखाएवढं समुद्रफूल होतं. अगदी मातकट!

"संकटात हे कधीकधी दुभंगतं, एकाची दोन होतात," आबा म्हणाले. "या तुकड्याला खिडकी सापडली."

"जगेल?"

"खात्री नाही देता येत. उजेड एकदम नको, हळूहळू वाढवायचा. पाणी स्थिर ठेवायचं. आणि त्याची जागा त्याला शोधू द्यायची. जगलं, वाढलं, की याचीही दोन होतील. मग एक आपण समुद्रातल्या रोपवाटिकेला देऊ, तिथे अशी फुलं वाढवून पुन्हा खडकांवर लावतात. तिथेही तापलेल्या पाण्याने कितीतरी फुलं पांढरी पडलीत."

"आणि मोठं?"

"ते गेलं, बाळा."

खेकड्याने त्या दिवसापासून पाण्यातला उजेड मोजायला सुरुवात केली. मासे मात्र अजून रिकाम्या दगडाभोवतीच घुटमळत होते. त्यांना कसं समजवायचं, ते शाल्मलीला सुचेना.

सुमनआत्या डोकावली. "इश्श, हे तर परत मातकटच!"

"मातकटच राहू दे, आत्या," शाल्मली म्हणाली. "ते जेवतंय."

मग तिने ती ओढणी उचलली, धुतली आणि वाळत घालायला भर उन्हात गच्चीवर निघाली. आत्याने नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं, टाकीकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.