पन्नीवरची तारीख

"मॅडम, लवकर या. पोलीस येऊन राहिले. मी काहीच नाही केलं जी!"

रितिका फोन ठेवून पॅकिंगकडे धावली. कन्हानजवळच्या त्या सरबत कारखान्यात ती गुणवत्ता तपासनीस होती. फोनवर रडत होती ती कौशल्या, बाटल्यांवर तारीख छापणाऱ्या मशीनवरची.

मालक गणपतरावांच्या समोर संत्रा सरबताची बाटली होती. आतला माल आंबलेला, तारीख मात्र ताजी, गेल्या रविवारची.

"हे पिऊन चार लेकरं दवाखान्यात आहेत," ते म्हणाले. "मशीनच्या नोंदीत हिचंच नाव आहे."

"पासवर्ड हिचाच ना जी," सुपरवायझर जितेंद्र हनुवटी उंच करून बोलला. "काहून केलं वं असं?"

बाटल्या धुता धुता ही बाई मशीन शिकली होती. तिला पोलिसांच्या गाडीत बसवणार, या विचारानंच रितिकाचं डोकं तापलं.

"रविवारी कोण कोण आलं होतं?"

"मी मशीन साफ कराले," कौशल्या म्हणाली. "बारा वाजता घरी गेली."

"मी माल मोजाले," गोदामाचा अंकुश म्हणाला.

"अन् चावी माझ्याजवळ," जितेंद्र म्हणाला.

"बाटल्या नेणारा पट्टा चालू होता?"

"कुठचा जी! मोटर खोलून ठेवली होती," अंकुशनं सांगितलं.

रितिकानं बाटली उजेडात धरली. तारखेतले काही अंक पसरट, काही चेपलेले. बाटलीच्या सांध्यात जुन्या शाईचे दोन ठिपके. मग तिनं वाकून मशीनमागच्या फटीतून काहीतरी ओढून काढलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायची प्लॅस्टिकची पन्नी. विदर्भातल्या माणसाला ती ओळखायला चष्मा लागत नाही. तिच्यावरही तीच तारीख होती, तशीच वेडीवाकडी.

"येऊ द्या पोलिसांना," ती म्हणाली. "पट्टा बाटली एकाच वेगानं नेतो, म्हणून अंक सारखे उमटतात. ही बाटली हातानं सरकवली आहे. प्लॅस्टिक शाई पीत नाही, शाई वरच बसते आणि सॉल्व्हंटनं पुसली जाते. जुनी तारीख तशीच पुसली, पण सांध्यात उरली. आधी एकदा छापून बघावं लागतं. कागद शाई पितो, त्यावर बघून उपयोग नाही, म्हणून हाताशी होतं ते प्लॅस्टिक घेतलं."

"खर्रा तर अर्धं नागपूर खाते," जितेंद्र छताकडे बघत हसला.

"आत आणतं कोण? गेटवर वसंत सगळ्यांचे खिसे तपासतो, कौशल्याचा डबासुद्धा उघडतो. तुम्हाला मात्र कोणी अडवत नाही. सगळ्यांचे पासवर्डही तुमच्याचकडे. आणि मघापासून तुम्ही तोंड वर करूनच बोलताय. थुंका एकदा."

जितेंद्रनं ओठ घट्ट मिटले.

"मार्चमधला परत आलेला माल नष्ट केला, अशी सही तूच केली होती," गणपतराव हळूच म्हणाले.

जितेंद्रची मान खाली गेली, तसा तपकिरी ओघळ शर्टावर उतरला.

"विसरलो होतो जी. माल गोदामातच राहून गेला. नोकरी जाईन म्हणून..."

त्यासाठी दुसऱ्याची नोकरी आणि चार लेकरं पणाला लावली होती त्यानं. रितिकाला त्याची किळस आली.

गणपतराव हात जोडून कौशल्याकडे वळले. तिनं पदरानं डोळे पुसले.

"माफीचं मंग पाहू जी," ती म्हणाली. "बाकीच्या बाटल्या कोणत्या दुकानात धाडल्या, ते पहिले विचारा त्याले."